फुलोऱ्यातले फुलकिडे

दसरा आठवड्यावर आला की पुण्याजवळच्या मुळशीतून फोन सुरू होतात. पिरंगुट असो, पौड असो की कोळवणचं खोरं, प्रश्न एकच असतो : "साहेब, झेंडू फुलावर आलाय आणि थ्रिप्स पडलेत, काय मारू?" माझं उत्तर बहुतेकांना रुचत नाही. झेंडू असो, शेवंती असो की पॉलिहाऊसमधला गुलाब, पीक फुलावर आल्यानंतर फुलकिड्यांवर, म्हणजे थ्रिप्सवर, मारण्यासारखं फारसं काही उरत नाही. जे करायचं ते कळी दिसायच्या आधी करायचं असतं आणि त्यातलं बरंचसं मातीत करायचं असतं. पीक संरक्षण हे माझं काम आहे, आणि या एका गोष्टीसाठी मी शेतकऱ्यांशी आणि दुकानदारांशी सतत वाद घालत आलो आहे.

उमललेलं झेंडूचं फूल देठाशी धरा आणि पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा झटका. परागकणांबरोबर गव्हाळ रंगाचे, जेमतेम एक-दीड मिलिमीटर लांबीचे बारीक तुकडे पडतील. क्षणभर ते निपचित राहतात आणि मग पळू लागतात. भिंगाखाली पंख दिसतात, पण ते पंखांसारखे नसतात. मधे बारीक काडी आणि तिच्या कडांना लांब केसांची झालर. तोंड त्याहून विचित्र. उजवा जबडा वाढलेलाच नसतो. एकट्या डाव्या जबड्याने हा किडा पाकळीचा पापुद्रा खरवडतो आणि आतला रस शोषतो. रस गेलेल्या पेशींत हवा शिरते, म्हणून आधी चंदेरी चट्टा दिसतो आणि पुढे त्याचीच तपकिरी रेघ होते. बाजारात ती रेघ दिसली की भाव पडतो.

आता औषध का चालत नाही ते पाहू. मादी अंडं पानाच्या किंवा पाकळीच्या पृष्ठावर ठेवत नाही, करवतीसारख्या अंडनलिकेने चीर पाडून आत घालते. तिथे फवारा पोचत नाही. पिल्लं बाहेर पडतात ती पाकळ्यांच्या बेचक्यात दडतात, कारण चहूबाजूंनी अंगाला काही टेकलेलं असणं या किड्याला मानवतं. गच्च पाकळ्यांच्या झेंडूत औषधाचा थेंब तिथवर उतरत नाही. पिल्लांच्या दोन अवस्था संपल्या की बहुतेक जण खाली मातीत किंवा पालापाचोळ्यात उतरतात आणि कोषासारख्या अवस्थेत काही न खाता पडून राहतात. खाणंच बंद असल्यामुळे पोटातून भिनणारं विष तेव्हा निरुपयोगी. म्हणजे फवारणीच्या दिवशी शेतातल्या फुलकिड्यांपैकी थोडेच आपल्या तडाख्यात असतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. चार दिवसांनी कागदावर पुन्हा तेवढेच किडे पडतात आणि शेतकरी दुकानात जाऊन "याच्याहून कडक द्या" म्हणतो.

कडक औषधाने प्रश्न आणखी चिघळतो. फुलकिड्यांत नर बिनफळल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. औषध पचवण्याचा एखादा गुण आला, तर तो नरात झाकून राहत नाही. फवारणीत बाकीचे मरतात, तो तगतो आणि पुढच्या पिढीचा बाप होतो. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की थोड्याच हंगामांत ते पाण्यासारखं होतं. थ्रिप्स पार्विस्पायनस ही परदेशी जात भारतात 2015 साली पहिल्यांदा नोंदली गेली. 2021च्या हंगामात तिने आंध्र, तेलंगणा, कर्नाटकात मिरचीचा फुलोरा झोडपला. शेतकऱ्यांनी फवारण्यांमागून फवारण्या केल्या, तरी फुलं गळायची थांबली नाहीत.

याउलट उदाहरण स्पेनच्या अल्मेरियाचं. तिथे मैलोन् मैल प्लास्टिकखाली ढोबळी मिरची पिकते. 2006च्या अखेरीस जर्मनीत त्या मिरचीत बंदी असलेल्या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि गिऱ्हाईक तुटायची वेळ आली. त्यानंतर अगदी थोड्या काळात तिथल्या बहुतेक मिरची उत्पादकांनी फवारणीचा पंप बाजूला ठेवून मित्रकिडे सोडायला सुरुवात केली. त्यातला मुख्य होता ओरियस नावाचा ढेकूण. त्याच्या स्थानिक जाती आपल्याकडेही आहेत, मुळशीच्या झेंडूतही तो सापडतो. लांबीला जेमतेम दोन मिलिमीटर, काळपट रंग, पंखांवर फिकट डाग. सोंड फुलकिड्यात खुपसून तो त्याला पार कोरडा करतो. महत्त्वाचं म्हणजे हा परागकणांवरही जगतो, म्हणून शेतात येतो तोच फुलोऱ्याबरोबर. नेमक्या त्याच वेळी आपण सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारतो. पाकळीत दडलेला फुलकिडा वाचतो आणि उघड्यावर हिंडणारा ओरियस मरतो.

मुळशीत निसर्ग निम्मं काम आपल्यासाठी करतो. ताम्हिणीकडून येणारा पाऊस जोवर झोडपतोय तोवर फुलकिडे धुऊन निघतात. पाऊस उघडला, ऊन तापलं आणि बांधावरची रानफुलं सुकू लागली, की त्यांच्यावर पोसलेले किडे पिकाकडे वळतात. म्हणून तण फुलण्याआधी बांध आणि सऱ्या स्वच्छ करा. फुललेलं तण पीक फुलोऱ्यात असताना उपटलं, तर त्यातले किडे आपण हाताने झेंडूवर घालतो. लागणीच्या वेळी चंदेरी मल्चिंग पेपर अंथरला तर दुहेरी फायदा होतो. उजेडाच्या परावर्तनाने उडता किडा बिचकतो आणि कोषासाठी खाली उतरणाऱ्या पिल्लाला माती मिळत नाही. निळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्याच्या जरा वर लावा आणि ते रोज बघा. नुसते लावून काही होत नाही. युरियाचा हात आखडता ठेवा, लुसलुशीत वाढ त्यांना फार आवडते. पाण्याचा ताणही पडू देऊ नका.

कळी धरायच्या आधी पाच टक्के निंबोळी अर्क द्या, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्या. पाठोपाठ बिव्हेरिया किंवा लेकॅनिसिलियम बुरशी. या बुरशीला हवेत ओलावा लागतो आणि भाद्रपदातल्या मुळशीइतका ओलावा तिला दुसरीकडे क्वचितच मिळेल. मात्र फवारणी संध्याकाळी करा आणि तिच्यात बुरशीनाशक मिसळू नका. इथे बरेच जण एकाच टाकीत दोन्ही ओततात आणि मग जैविक औषध चालत नाही म्हणतात.

फुलोऱ्यात अगदीच नाइलाज झाला, तर आधी विकण्याजोगी सगळी फुलं तोडा. शिळी, वाळलेली फुलंही खुडून पोत्यात भरून शेताबाहेर न्या, सरीत टाकू नका. मिरचीवर फुलकिड्यांसाठी स्पिनोसॅड वापरतात, त्याचं नाव बरेच जण घेतात. कॅरिबियन बेटावरच्या एका बंद पडलेल्या रम-भट्टीतल्या मातीत 1982 साली सापडलेल्या जिवाणूपासून ते निघालं. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. ओलं असेपर्यंत ते मधमाशीला मारतं. वापरायचंच असेल तर कृषी सहायकाला विचारून, माशा पोळ्याकडे परतल्यावर, हंगामात एखाद्याच वेळी, आणि नंतरचे काही दिवस तोडणी बंद ठेवून.

तोडणी बंद ठेवा म्हटलं की खरा पेच समोर येतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा भाव नंतर मिळत नाही, म्हणून सकाळी मारलेलं औषध संध्याकाळी गुलटेकडीच्या फुलबाजारात पोचतं. भाजीत औषधाचे अंश किती चालतील याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. हाराच्या फुलाची अशी चौकशी कोणी करत नाही. बेल्जियममध्ये फुलविक्रेत्यांनी काम करताना घातलेले सुती हातमोजे तपासले, तेव्हा त्यांत शंभरावर वेगवेगळी कीडनाशकं सापडली. आपल्याकडे हार ओवणाऱ्या बाईच्या हातात मोजा नसतो. दोरा ती दाताने तोडते, आणि शेजारी तिचं मूल फुलांच्या ढिगात खेळत असतं. फवारणाऱ्याचं काय होतं ते 2017 साली यवतमाळने दाखवलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती उघडी रानं होती. पॉलिहाऊसमधली हवा तर कोंडलेली असते.

म्हणून या अंकाच्या शहरी वाचकांकडे माझं एक मागणं आहे. शेतकऱ्याला फुलोऱ्यात पंप उचलायला लावते ती बिनडागी फुलाची मागणी. झेंडूच्या पाकळीवर बारीक तपकिरी रेघ दिसली तर फूल परत टाकू नका, भाव पाडू नका. तोरणात ती रेघ दिसतही नाही. आणि विकणाऱ्याला विचारा, शेवटची फवारणी कधी झाली. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, की हा प्रश्न आडत्याकडून पौडपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.