खोड

माणूस मोठा झाला की त्याच्या खोडीला लकब म्हणतात. वर्गात शिकवताना मधूनच माझा डावा खांदा उडतो. यंदा स्नेहसंमेलनात मुलांनी माझ्यासमोरच त्याची नक्कल केली. सारे हसले, मीही हसलो. पण माझा नऊ वर्षांचा मुलगा डोळे मिचकावू लागला आणि पाठोपाठ मान झटकू लागला, तेव्हा घरात कोणीच हसले नाही. आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, हिने डोळे तपासून आणले, शाळेतून ‘लक्ष नसते’ अशी चिठ्ठी आली. आणि मी, एम.ए. झालेल्या गृहस्थाने, त्याच्या पाठीत धपाटा घातला.

“मी मुद्दाम नाही करत, बाबा,” तो म्हणाला. “थांबवलं की आत साचत जातं. शिंक अडवल्यासारखं.”

शेवटी त्याला सेवाग्रामच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी मुलाकडे थोडे आणि माझ्या खांद्याकडे जास्त पाहिले. “तुमच्या वडिलांना असे काही होते?”

वडील हिंगणघाटला गिरणीत कारकून होते. सर्दी नसताना ते सारखे खाकरत. त्या खाकरण्यावरूनच ते गल्लीच्या तोंडाशी आल्याचे आम्हां भावंडांना कळे आणि पुस्तके उघडली जात. माझ्या खांद्याची खोड मोडावी म्हणून त्याच खांद्यावर त्यांनी कितीदा फूटपट्टी ओढली असेल!

डॉक्टरांनी समजावले ते असे. याला टिक म्हणतात. मेंदूत खोलवर काही पेशींचे पुंज असतात. कोणती हालचाल होऊ द्यायची, कोणती अडवायची, यात त्यांचा मोठा हात असतो. तेथे डोपामाइन नावाच्या रसायनाचा तोल ढळला की एखादी हालचाल पहारा चुकवून निसटते. या रसायनाला अडवणाऱ्या औषधांनी टिक कमी होतात, असे १९६० नंतर दिसू लागले; तोवर कितीतरी डॉक्टर याचे मूळ मनात आणि संगोपनात शोधत. वास्तविक पॅरिसच्या जिल द ला तुरेत याने १८८५ सालीच अशा नऊ रुग्णांची हकीकत लिहून हे घराण्यातून येते असे म्हटले होते. मात्र याला कोणी एकच जनुक जबाबदार नाही. पुष्कळ जनुके चिमूट चिमूट भर घालतात. म्हणून आमच्याकडे एकाचा घसा, दुसऱ्याचा खांदा, तिसऱ्याची मान!

दहाबाराव्या वर्षी जोर वाढतो, पुढे बहुतेकांचा ओसरतो. रागावले, टोकले की उलट वाढतो. औषध तूर्त नको, असे ते म्हणाले. माझा का ओसरला नाही, हे मी विचारले नाही.

वळणाचे पाणी वळणावर जाते, ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षे खुलवून सांगत आलो आहे. येताना बसमध्ये ती फार वेळ डोक्यात घोळत राहिली.

रात्री तो गृहपाठाला बसला. त्याची मान झटकली, माझा खांदा उडाला. त्याने वर पाहिले.

“बाबा, आजोबांना कोणी मारलं होतं का हो, खाकरतात म्हणून?”

“उद्या आजीला विचारू,” मी म्हटले.