हलगी
पावसाआधी रबाळ्याच्या खोलीतला माळा आवरला, तेव्हा आजोबांची हलगी हाती लागली. कातडं फाटलेलं. लाकडी कडं मात्र अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत.

भाऊ म्हणाला, "दे भंगारात. गावकीची वेठ होती ती, ताई." खरंय त्याचं.

परवाच ऑगस्ट विल्सनचं 'द पियानो लेसन' हे अमेरिकन नाटक वाचलं, १९८७ साली रंगमंचावर आलेलं. गुलाम पूर्वजांचे चेहरे कोरलेला पियानो. भावाला तो विकून जमीन घ्यायचीय, बहीण जागचा हलू देत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या माणसांना अर्पण केली. जोतीरावांना असली भावंडं ओळखीची वाटली असती.

मला तर वाजवताही येत नाही. नवं कातडं चढवून घ्यावं?

खाली एमआयडीसीचे ट्रक घरघरतायत. त्या झिजल्या जागेवर अंगठा ठेवून पाहिला. जरा सैलच बसला.