मोगो गार होतोय

शेजारच्या बांकडे शनिवारी मोगो असतो. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो, त्याच्याच लांब फोडी तळून वर मीठ, तिखट, लिंबू. शेंगदाण्याला बा 'जुगू' म्हणतात. नाशिकहून लेस्टरला नवीन आलो, तेव्हा हे कुठलं गुजराती म्हणून मी मनात हसलो होतो. दोन्ही शब्द स्वाहिलीतले. बा कंपालाच्या.

ऑगस्ट 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले. सोबत न्यायचे जेमतेम 50 पौंड. विमानतळाच्या वाटेवर लष्करी चौकीत बांच्या बांगड्या गेल्या. ब्रिटनला 27 हजारांहून जास्त माणसं आली. त्यांतल्या बऱ्याच जणांची सोय रिकाम्या लष्करी तळांवर झाली. त्याच सप्टेंबरात लेस्टरच्या नगरपालिकेनं 'युगांडा आर्गस' या तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती : घरं, शाळा, दवाखाने भरलेत, इकडे येऊ नका. "लेस्टर नावाचं गाव आहे, हे आम्हाला त्या जाहिरातीनंच कळलं," बा सांगतात.

आता बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे लागतात. भाषणांतून कौतुक होतं : कष्टाळू माणसं, कधी कुरकुर नाही. हे दुसरं मला फार खटकतं. 1974 साली इथल्या इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये आशियाई कामगार जवळजवळ तीन महिने संपावर होते. त्यांत पूर्व आफ्रिकेतून आलेले कितीतरी. युनियननंही पाठ फिरवली. कुरकुर कसली, चांगली घसा फोडून तक्रार केली होती! पण दिवाळीच्या भाषणात संप बसत नाही.

बांनाही तो आठवायचा नसतो. 'निर्वासित' शब्द तर मुळीच खपत नाही. "पासपोर्ट ब्रिटिश होता आमचा!" तोंडाळ नाहीत त्या, पण परवा टीव्हीवर होड्यांतून ब्रिटनच्या आश्रयाला येणारी माणसं दिसली आणि त्यांचा आवाज चढला. "यांना हॉटेलात ठेवतात, बेटा. फुकट जेवण. आम्ही आल्या आल्या मोज्यांच्या कारखान्यात उभे राहिलो."

मी सहज विचारलं, "बा, छावणीत जेवायला काय असायचं?"

"उकडलेले बटाटे. मीठसुद्धा नाही. मी दोन दिवस रडले."

"आणि पैसे?"

"पैसे कसले? सरकारी होतं सगळं..."

त्या थांबल्या. टीव्हीचा आवाज कमी केला, ताटली माझ्याकडे सरकवली.

"खा. मोगो गार होतोय."