माउस आणि अंगठा

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं आणि पुढे एमएस-सीआयटी आम्हा मास्तरांच्या वेतनवाढीत आडवी आली. पन्नाशीत मी सिन्नरच्या एका क्लासात जाऊन बसलो. माउस हलवला की बाण थेट गोंदेश्वराच्या कळसावर! शेजारी विड्या वळणाऱ्या बाईंची मुलगी. "सर, इतकं दाबू नका," म्हणायची. शाळेत तिला 'ढ' मीच म्हटलं होतं. दोघांच्याही लक्षात होतं. पास मात्र तिच्यामुळंच झालो.

आता तिचं स्वतःचं केंद्र आहे. परवा तिथं तिची आई पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा टेकवत होती. जन्मभर विड्या वळून रेषाच झिजलेल्या. यंत्र तिला जिवंत मानायला तयार नाही! शेवटी पोरीनं मोबाइल तोंडासमोर धरला.

"आई, डोळे मिचकाव."

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं.

"मास्तरांदेखत?"