सहा महिन्यांचा मळा

आम्ही राहतो त्या ब्रॅडफर्डच्या परिसरात जूनच्या मध्याला सूर्य पहाटे साडेचारनंतर लगेच उगवतो आणि रात्री पावणेदहाच्या आसपास मावळतो. म्हणजे सतरा तासांचा दिवस. डिसेंबरात हाच दिवस साडेसात तासांवर येतो. आमच्या दापोलीकडे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक असतो तो दोन-सव्वादोन तासांचा. त्यामुळे अम्मी पहिल्यांदा उन्हाळ्यात इकडे आली तेव्हा एवढ्या उजेडाचं काय करायचं हेच तिला कळेना. असर झाली, चहा झाला, रात्रीचं जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली, तरी खिडकीत ऊन ते ऊनच. "आज मगरीब आहे की नाही गं?" असं ती रोज विचारायची.

कोकणात उन्हाळा म्हणजे दुपारभर दारं लोटून पडून राहायचं. इथे उलट. आठ महिने घरात कोंडलेली माणसं मे महिना लागला की बाहेर पडतात. कुणी गवत कापतं, कुणी दारातली गाडी धुतं, आणि वीस अंशांवर पारा गेला की "केवढं गरम होतंय" म्हणत अर्ध्या बाह्यांत फिरतं. अम्मी तेव्हाही शाल पांघरून असते.

अब्बा गेल्यापासून ती गावच्या घरात एकटी आहे. भाऊ आखातात, मी इथे. "आईला कायमचं का नाही घेऊन येत?" असं गावाकडे सगळे विचारतात. वाचकांपैकीही काहींनी विचारलं आहे, म्हणून सांगते. 2012 मध्ये इथले नियम बदलले. म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं आणायचं तर त्यांना रोजच्या हालचालींसाठी दुसऱ्याचा आधार लागतो आणि तो आधार मायदेशात मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. अम्मी बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण अजून ती विहिरीचं पाणी काढते आणि स्वतःची भाकरी स्वतः थापते. म्हणजे ती धडधाकट आहे तोवर तिला आणता येत नाही, आणि आणता येण्याइतकी ती खचावी अशी दुआ कोणती लेक मागेल? मग उरतो पाहुण्यांचा व्हिसा. एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने. तोही लागोपाठ दरवर्षी वापरला तर ही बाई पाहुणी नाही, इथेच राहते आहे, असा संशय येऊ शकतो. म्हणून ती एक वर्ष सोडून येते. एप्रिलच्या सुरुवातीला येते, सप्टेंबरच्या अखेरीला जाते.

हे सहा महिने आणि इथल्या भाजीचे महिने नेमके एकच. हे आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अम्मीच्या लगेच आलं.

घराजवळ आमची एक अलॉटमेंट आहे. अलॉटमेंट म्हणजे कौन्सिलकडून वर्षाच्या भाड्यावर मिळणारा भाजीपाल्याचा तुकडा. गिरणीकामगारांना, गरिबांना स्वतःपुरतं पिकवता यावं म्हणून ही पद्धत वाढली, आणि 1908 च्या कायद्याने असे तुकडे उपलब्ध करून देणं कौन्सिलांचं कर्तव्य ठरलं. पुरा तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा. आम्हाला बरीच वाट बघून अर्धा मिळाला. सव्वा गुंठा. अम्मीने पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "आमचं खळं याच्यापेक्षा मोठं." आणि ओढणी कमरेला खोचून तण उपटायला बसली.

तिथे तिने पहिली गोष्ट विचारली ती थंडीची. इथे मेच्या मध्यापर्यंत रात्री दहिवर गोठून कोवळी रोपं करपू शकतात, आणि ऑक्टोबरात पुन्हा तीच भीती. तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या व्हिसाएवढंच की." तेव्हापासून ती प्रत्येक बियाण्याचा हिशेब असाच करते. मेथी पाच आठवड्यांत, चालेल. मुळा, चालेल. बटाटा जूनच्या शेवटी निघतो, चालेल. लसूण आदल्या हिवाळ्यात लावावी लागते, ती तुम्ही लावा. शतावरीच्या कोंबांसाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं असं तिला सांगितलं तेव्हा तिने हात झटकले. "ते काय माझं नाही."

कोथिंबिरीने मात्र तिला चकवलं. जूनमध्ये पेरलेली कोथिंबीर वीतभर होते न होते तोच फुलोऱ्यावर येते, पानं बारीक होतात, खेळ संपतो. दोष पाण्याचा नाही, लांबलचक दिवसांचा. पालकाचंही तसंच. उजेड फार झाला की त्यांना बी धरायची घाई होते.

आणि वालाचं नेमकं उलट. अम्मीने इथल्याच दुकानातल्या कडव्या वालाच्या पुडीतले वाल बिरड्यासाठी भिजवून मोड आणले होते. सोलायच्या आधी त्यातले सहा-सात तिने बाजूला काढले आणि आमच्या छोट्या ग्रीनहाऊसमध्ये कुंड्यांत लावले. वेल असे माजले की छताला टेकले. पानं तळव्याएवढी, हिरवीगार. फूल मात्र एक नाही. जून गेला, जुलै गेला. अम्मी रोज जाऊन शेंडे तपासायची. शेवटी मी वाचून काढलं. कोकणात वाल भात कापल्यानंतर पेरतात, दिवस लहान होत जाताना. या जुन्या जातींना दिवस आखूड झाल्याशिवाय फुलायची खूणच मिळत नाही. सतरा तासांच्या उजेडात ते बिचारे नुसतेच वाढत राहतात. मी हे अम्मीला समजावून सांगितलं. तिने वेलाकडे बघितलं आणि म्हणाली, "यालाही गावचंच घड्याळ कळतं तर."

अलॉटमेंटकडे जायची आमची वाट कालव्याच्या काठाने आहे. हा लीड्स-लिव्हरपूल कालवा, 127 मैलांचा. 1770 मध्ये काम सुरू झालं आणि 1816 मध्ये पुरा झाला. लोकर, कोळसा, चुनखडी वाहणाऱ्या होड्या घोडे काठावरून ओढत चालायचे, म्हणून काठाची वाट सपाट राहिली. ब्रॅडफर्डसारख्या चढउतारांच्या गावात सपाट वाट म्हणजे सायकलवाल्यांना ईदच. मी सायकल इथे येऊन, तिशी उलटल्यावर शिकले. दापोलीत भावाची सायकल अंगणात उभी असायची. तिच्यावर बसावं असं मला कधी सुचलंसुद्धा नाही. आता संध्याकाळी मी आणि माझी बारा वर्षांची लेक शिपलीहून निघतो, सॉल्टेअरच्या जुन्या गिरणीखालून जातो, आणि वेळ असला तर बिंगलीपर्यंत. तिथे एकाला एक जोडलेली पाच पाणदारं आहेत. 1774 पासून ती होड्यांना पायरी पायरीने अठरा मीटर वर चढवतात. वाटेत कुत्री फिरवणारे म्हातारे भेटतात. घंटी वाजवली की बाजूला होतात आणि "थँक यू, लव्ह" म्हणतात.

अम्मी बसने यायची आणि अलॉटमेंटच्या फाटकाशी आमची वाट बघत उभी असायची. नातीला विचारायची, "तोल कसा राहतो गं? खाली बघतेस की पुढे?" दोन-तीनदा विचारल्यावर लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे एका मैदानात अधूनमधून तीनचाकी, हातांनी चालवायच्या, जोडीने बसायच्या अशा सायकली आणतात. कुणीही येऊन चालवून बघावं. नातीने मला न सांगता नानीला तयार केलं. अम्मी सलवार मोज्यात खोचून, शाल घडी करून माझ्या हातात देऊन तीनचाकीवर बसली. पहिली फेरी नातीने दांडा धरून केली. दुसऱ्या फेरीला अम्मी म्हणाली, "सोड." चार फेऱ्या झाल्या. उतरल्यावर ती हसली नाही, काही बोलली नाही, फक्त गुडघा चोळत विचारलं, "हिला घंटी कुठे असते? वाजवायची राहिली." मग पुन्हा एक फेरी, घंटी वाजवत.

त्या रात्री भावाला फोन करून तिने अर्धा तास मेथीचे भाव सांगितले. सायकलचं नाव काढलं नाही. ते तिचं तिच्यापाशी.

ऑगस्ट सरू लागला की उजेड भराभर आटतो. दर आठवड्याला अर्ध्या तासाच्या आसपास दिवस लहान होतो. सप्टेंबरात मगरीब जेवणाच्या आधी येऊ लागली आणि अम्मीची बॅग पलंगाखालून बाहेर आली. त्याच आठवड्यात वालाच्या एका वेलाला कळ्या दिसल्या. दिवस बारा तासांवर आला होता. रात्रीचा पारा आठवर. शेंग धरण्यासारखं काही नव्हतं, पण अम्मीने सगळ्यांना बोलावून त्या दाखवल्या.

शेजारच्या तुकड्यावर एक इंग्रज आजोबा आहेत. अम्मी त्यांना मेथीची जुडी द्यायची, ते तिला रुबार्ब. रुबार्ब म्हणजे लालसर देठांची आंबट भाजी. पानं विषारी, देठ खायचे. वेकफिल्डच्या बाजूला ती हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात. अम्मी तिच्यात गूळ आणि मेथीदाणे घालून कैरीसारखा मेथांबा करायची. आजोबांना बरणी भरून दिला होता. निघायच्या आधी त्यांनी तिला कुंडीत वाढवलेला रुबार्बचा गड्डा दिला आणि मला बजावलं: लावल्यावर पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही, मुळं धरू द्यायची. दुसऱ्या वर्षी थोडा.

मी हे अम्मीला सांगितलं. मला वाटलं ती शतावरीसारखे हात झटकेल. तिने बोटं मोजली. एक वर्ष सोडून. मग म्हणाली, "बसतंय," आणि फावडं मागितलं. व्हिसा मिळेल का, गुडघे साथ देतील का, यातलं काहीच तिने मोजलं नव्हतं. मीही मोजून दाखवलं नाही. खड्डा तिने खणला, खत मी घातलं, पाणी लेकीने.

ऑक्टोबरच्या पहिल्या कडक रात्रीनंतर वालाचे वेल काळे पडले, ते मी उपटून टाकले. यंदा मार्चमध्ये रुबार्बचे लाल कोंब वर आले. लेकीने फोटो पाठवला, नानीने उलट विचारलं, "काढला नाहीत ना?"

नाही. आता पानं परातीएवढी झाली आहेत, देठ चांगले जाड आहेत, येणारा जाणारा विचारतो. आम्ही एकही काढलेला नाही.