मुलाचा ‘ताबा’

घटस्फोटाच्या कागदांत मुलासाठी ‘ताबा’ हा शब्द येतो, तो मला फार खटकतो. आपण व्यापारी माणसे हा शब्द गाळ्यासाठी, गोदामासाठी, तारण मालासाठी वापरतो. ज्याचा कागद पक्का, त्याचा ताबा. माझ्या एका जुन्या स्नेह्यांच्या मुलाचा संसार मोडला, तेव्हा सात वर्षांच्या नातवासाठी त्यांनी याच हिशेबाने तयारी केली. पेढीची आयकर विवरणपत्रे, बंगल्याचे उतारे, शाळेच्या फीच्या पावत्या. सून माहेरी दोन खोल्यांत राहते, तेव्हा निकाल उघडच आहे, असे त्यांना वाटत होते.

कायदा मात्र निराळे पाहतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम १३ अज्ञान मुलाच्या हिताला सर्वोच्च मानते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे कलम ६ सांगते. (२०१४ मध्ये अल्पसंख्याक दर्जा मिळाल्याने हे कायदे आपणांस लागू नाहीत, असे काही जण समजतात. तसे नाही, कायद्यात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे.) मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात बजावले होते. आईची मिळकत कमी असेल, तर मुलाचा खर्च देण्याचा आदेश वडिलांना देता येतो. म्हणून केवळ श्रीमंतीने पारडे झुकत नाही.

कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशक बाईंनी ती जाड फाईल बाजूस ठेवली व आजोबांना साधे प्रश्न विचारले. नातवाच्या वर्गशिक्षिकेचे नाव काय? रात्री ताप आला की तो कोणाला हाक मारतो? ताटातील कोणती भाजी टाकतो? तीस वर्षांचे सुताचे भाव मुखोद्गत असलेला हा माणूस गप्प बसला. मुलगाही गप्पच होता. दोघांचाही त्या पोरावर जीव होता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही; पण त्याचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे सुनेलाच ठाऊक होते.

पुढे न्यायाधीशांनी मुलाला आपल्या दालनात एकट्याला बोलावले. विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल, तर ती विचारात घेता येते, अशी तरतूद १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आहे. पसंती हा आदेश नव्हे. पढवलेले बोल कोणते आणि मनातले कोणते, हे न्यायाधीशांनाच पारखावे लागते. अखेर मूल आईकडे राहिले. दुसरा व चौथा शनिवार-रविवार, तसेच दिवाळीची आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी वडिलांकडे.

यावरून न्यायालय नेहमी आईचीच बाजू घेते, असे मात्र कोणी समजू नये. २००८ च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून त्याला वडिलांजवळच ठेवले. तेथे त्याचे आयुष्य स्थिरावले होते.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या पचनी पडत नाही. हे खाते कायमचे मिटत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार परिस्थिती बदलली, तर आदेशही बदलता येतो. मूल वाढते, शाळा बदलते, आईची बदली होते, वडील पुन्हा विवाह करतात.

भागीदारी फुटली, तर आपण पंच बसवतो आणि दिवाळीपूर्वी वह्या मिटवतो. मुलाच्या बाबतीत मात्र दोन्ही घराणी ताठ बसतात आणि त्याच्या रविवारांचा निर्णय परक्यावर सोपवतात. परस्पर संमतीने विभक्त होणाऱ्यांना या अटी स्वतः लिहून न्यायालयापुढे ठेवता येतात. त्या मुलाच्या हिताच्या आहेत ना, एवढे न्यायालय तपासते. अशा अटी लिहिताना फी आणि औषधपाण्याचा खर्च कोणाचा, एवढ्यावर थांबू नये. मुलाला कोण, किती वाजता, कोठून नेणार. फोन कोणत्या वेळी करायचा. आजारी पडल्यास हुकलेली भेट केव्हा भरून द्यायची. आजी-आजोबांनी कधी भेटायचे. आणि पर्युषणात मूल कोणाबरोबर असेल, हेही त्यात लिहावे.