आर्देनच्या जंगलातली चढण

टीव्हीवर पाहून या चढणीची काहीच कल्पना येत नाही. बेल्जियमच्या आर्देन जंगलातल्या स्पा-फ्रँकोरशाँ ट्रॅकवर ‘ओ रूज’ नावाचा ओढा ओलांडला, की रस्ता डावी-उजवी घेत एकदम वर चढतो. सुमारे 40 मीटर उंचीची ही छातीवरची चढण म्हणजे ‘रेदियों’. कडेच्या पायवाटेने चढताना मला धाप लागली. फॉर्म्युला वनच्या गाड्या ती ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास चढतात, आणि ट्रॅक कोरडा असला तर ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतसुद्धा नाही! माथ्यापलीकडचं त्याला काही दिसत नसतं.

गाडी उडत कशी नाही? विमानाचे पंख हवेच्या जोरावर विमान उचलतात. इथे विंग उलटे बसवलेले असतात, त्यामुळे तीच हवा गाडीला खाली दाबते. हा ‘डाउनफोर्स’. वेग वाढेल तसा तो वाढतो. म्हणजे बिचकून पाय उचलणाऱ्याची पकडही सैल होते. हे पुस्तकात वाचलं होतं, पण गाडी डोळ्यांसमोरून वर गेली तेव्हा अंगावर काटा आला.

या धाडसाची किंमतही इथेच मोजली गेली आहे. 2019 मध्ये फॉर्म्युला टूच्या शर्यतीत तरुण आंत्वान युबेर याच चढणीच्या पुढे प्राणाला मुकला. नंतर इथला ‘रन-ऑफ’, म्हणजे ट्रॅकबाहेर गेलेल्या गाडीला सावरायला ठेवलेली मोकळी जागा, वाढवण्यात आला. तो खूप आधीच वाढायला हवा होता.

माथ्यावरून केमेलचा लांब सरळ पट्टा सुरू होतो. पुढची गाडी हवा फोडते, तिच्या पाठीशी हवेचा अडथळा कमी होतो आणि मागची जास्त वेगाने धावते, हा ‘स्लिपस्ट्रीम’. 2000 सालच्या शर्यतीत आघाडीसाठी झुंजणारे मायकेल शूमाकर आणि मिका हाकिनेन इथेच एका फेरीने मागे पडलेल्या रिकार्डो झोंटाच्या मागे आले. शूमाकर डावीकडून निघाला, हाकिनेन उजवीकडून, मधे झोंटा! पट्टा संपेपर्यंत हाकिनेन पुढे. ती जागा बघायलाच मी इतक्या लांब आलो होतो.

फेरी 7.004 किलोमीटरची. एका टोकाला पाऊस आणि दुसरीकडे कोरडं, असं इथे खरोखर होतं. मग टायर कुठले लावायचे? गुळगुळीत ‘स्लिक’ पाण्यावर घसरतात, आणि खाचांचे ‘इंटरमीडिएट’ कोरड्या डांबरावर तापून झिजतात. मुसळधार पावसासाठीचे ‘वेट’ टायर तर इतकं पाणी उडवतात, की मागच्याला तुषारांपलीकडे काही दिसत नाही. 2021 मध्ये नेमकं हेच झालं. तासन् तास भिजत बसलेल्या प्रेक्षकांना सगळ्यांचा वेग रोखणाऱ्या ‘सेफ्टी कार’मागच्या मोजक्या फेऱ्या दिसल्या आणि ड्रायव्हरना निम्मे गुण वाटले गेले. त्या दिवशी गुण द्यायलाच नको होते.